तेलवाला यंत्रज्ञ एलायजा मॅकॉय

वार्षिकाच्या ह्या पानांतून थोर पुरुषांची चरित्रे वाचण्याची आपणांस सवय आहे. सेनापती, कवी, समाजसुधारक व शास्त्रज्ञ ह्यांच्या कथा आपण आवडीने वाचता. यंदा ज्या गृहस्थाचे चरित्र आम्ही सांगणार आहोत, त्याच्या हाती आयुष्याच्या आरंभी लांब तोटीची एक तेलाची कुपी व कोळशाचे फावडे एवढीच साधने होती. तरी पण ज्या काळी जगातील माल व माणसे वाफेच्या इंजिनामागून धावत होती, त्या काळी ती इंजिने न थांबता चालावीत म्हणून ज्यांनी आपली बुद्धी खर्च केली त्यांत ह्या गृहस्थाचे स्थान मोठे आहे. त्याचे नाव एलायजा मॅकॉय.

यंत्रास तेल घालणे हे काम सर्वांस क्षुल्लक वाटते. खेड्यातील मुलास मात्र त्याचे महत्त्व सांगणे नलगे. बैलगाडीच्या आसाला वंगण नसले म्हणजे चाक कसे कुरकुरते, बैलांस ओढ कशी अधिक बसते व अखेरीस आस कसा झिजतो हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. जी गोष्ट गाडीच्या एका आसाची, तीच गिरणीतील शेकडो चाकांची व आगगाडीच्या इंजिनाची. यंत्र कितीही बळकट असो, एकमेकांवर घासणाऱ्या त्याच्या दोन भागांमध्ये तेलाचा पातळसा पडदा नसेल तर ते स्वतःसच खाऊ लागते. हा पडदा अखंड कसा राखावा, ह्या एका प्रश्नास मॅकॉय ह्यांनी आपले सारे आयुष्य वाहिले.

एलायजाचे आईबाप, जॉर्ज व मिल्ड्रेड, हे अमेरिकेतील केंटकी संस्थानात गुलाम होते. माणसाने माणसास विकत घ्यावे, त्याच्या श्रमाचे फळ आपण खावे व त्याची मुलेबाळेही आपली मालमत्ता समजावी, अशी ती दुष्ट चाल त्या काळी कायद्याने संरक्षित होती. हे जोडपे तेथून पळाले. पळून जाणाऱ्या गुलामांस आश्रय देणाऱ्या दयाळू लोकांची एक साखळी त्या काळी देशभर गुप्तपणे काम करीत असे. एका घरातून दुसऱ्या घरात, रात्रीच्या अंधारात, कधी गाडीतील गवताखाली, कधी पायी, अशा रीतीने माणसे उत्तरेकडे पोहोचविली जात. ह्या साखळीस लोक भूमिगत रेल्वे असे म्हणत. तिला ना रूळ होते ना इंजिन. परंतु ज्या मुलाने पुढे खऱ्या रेल्वेची एवढी सेवा केली, त्याच्या आईबापांस स्वातंत्र्यास नेणारी गाडी हीच.

अमेरिकेच्या उत्तरेकडील संस्थानांत गुलामगिरी नव्हती. तथापि १७९३ च्या कायद्याने पळालेल्या गुलामास तेथूनही धरून नेता येत असे. म्हणून ते सरहद्द ओलांडून कॅनडात गेले. ब्रिटिश साम्राज्यात १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी बंद करण्याचे ठरले होते व त्याचा अंमल १८३४ पासून सुरू झाला होता. तेथे ऑन्टॅरिओ प्रांतातील कोल्चेस्टर ह्या गावी २ मे १८४४ रोजी एलायजाचा जन्म झाला. पवित्र शास्त्रातील एलीया संदेष्ट्याचे नाव आईबापांनी त्यास ठेविले. सारफथ येथील विधवेच्या कुपीतील तेल दुष्काळातही आटले नाही, ही त्या संदेष्ट्याच्या चरित्रातील कथा आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. नाव ठेवताना आईबापांच्या मनात तेलाचा विचार खचित नसेल. पण ते नाव मुलास शोभले खरे.

पुढे हे कुटुंब अमेरिकेतील मिशिगन संस्थानात इप्सिलान्टी ह्या गावी येऊन राहिले. एलायजास लहानपणापासून यंत्रांचे विलक्षण वेड होते. आईबाप शिकलेले नव्हते, घरी श्रीमंती नव्हती, मुलेही पुष्कळ होती. अशा स्थितीतही त्यांनी ह्या मुलाच्या अंगचा गुण ओळखला, आणि जे करावयास पुष्कळ धनवानांसही धीर होत नाही ते केले. १८५९ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यास समुद्रापलीकडे स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे धाडले. त्या देशात कृष्णवर्णी मुलास यंत्रशाळेचे दार उघडे होते. स्वदेशात ते बहुधा बंद होते. तेथे त्याने यांत्रिक शिल्पाची उमेदवारी केली, आणि यंत्रज्ञाची योग्यता संपादून तो घरी परतला.

येथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. ज्या १८५९ साली एलायजा स्कॉटलंडला गेला, त्याच साली पेन्सिल्व्हेनिया संस्थानात टायटसव्हिल येथे एडविन ड्रेक ह्यांनी विहीर खणून भूगर्भातील तेल बाहेर काढले. तोवर यंत्रांस प्राण्यांची चरबी, देवमाशाचे तेल व एरंडेलासारखी वनस्पतिजन्य तेले घालीत. खनिज तेलाचा उपयोग प्रथम दिव्यांसाठी झाला. परंतु त्यातील जड भाग वंगणास किती उपयुक्त आहे हे लवकरच लोकांच्या ध्यानी आले. अशा रीतीने तेल व तेलाचा जाणता हे दोघेही एकाच सुमारास तयार होत होते असे म्हणावयास हरकत नाही.

मॅकॉय परतले तेव्हा अमेरिकेत मोठी उलथापालथ होऊन गेली होती. १८६१ ते १८६५ ह्या काळातील यादवी युद्धानंतर राज्यघटनेत दुरुस्ती होऊन गुलामगिरी नष्ट झाली होती. कायदा बदलला, मने मात्र तशीच राहिली. एडिंबरोहून योग्यता मिळवून आलेला हा तरुण यंत्रज्ञाची जागा मागू लागला, तेव्हा त्याच्या कातडीचा रंग पाहून कोणी ती देईना. अखेर मिशिगन सेंट्रल रेल्वेने त्यास आगवाला व तेलवाला म्हणून ठेवून घेतले. इंजिनाचा आराखडा काढण्याची ज्याची पात्रता, त्याने त्याच इंजिनाच्या भट्टीत फावड्याने कोळसा घालावा व सांध्यांस तेल पाजावे, असे हे काम होते.

आता ह्या कामाचे स्वरूप थोडे समजावून घेऊ. वाफेच्या इंजिनात एक लोखंडी नळकांडे असते व त्यात दट्ट्या मागेपुढे सरकतो. बाष्पपात्रातून आलेली वाफ त्यास ढकलते व ती गती दांड्यांच्या योगाने चाकांस मिळते. चाकांचे आस, दांड्यांचे सांधे, वाफ आत सोडणारी सरकती झडप व स्वतः दट्ट्या, ह्या सर्वांस वंगण पाहिजे. बाहेरचे सांधे तेलवाल्याच्या कुपीने भिजविता येत. पण त्यासाठी गाडी थांबली पाहिजे. म्हणून ठराविक अंतराने गाडी उभी करावी, तेलवाल्याने खाली उतरून इंजिनाभोवती फिरावे, एकेका सांध्यास हात लावून तो तापला आहे की काय हे पाहावे, तेल घालावे, आणि मग गाडी सुटावी, असा क्रम असे. माल नासतो, प्रवासी खोळंबतात, कोळसा व्यर्थ जळतो. परंतु उपाय नाही.

नळकांड्याच्या आतील भागांची अडचण ह्याहून मोठी होती. तेथे वाफेचा जोराचा दाब असतो. उघड्या तोंडाने तेल ओतावयास जावे तर आतील वाफ ते बाहेर फेकते. म्हणून वाफ बंद केलेली असताना, म्हणजे गाडी उतारावरून आपोआप जात असताना किंवा उभी असताना, वितळलेली चरबी आत सोडीत. पुष्कळदा आगवाल्यास चालत्या इंजिनाच्या कडेच्या अरुंद फळीवरून पुढे जाऊन हे काम करावे लागे; पाय निसटला तर प्राणाशी गाठ. आणि इतके करूनही व्हायचे काय? चरबी घातल्या क्षणी तेथे गरजेपेक्षा अधिक होई, वाफेबरोबर बरीचशी वाहून जाई, आणि चढावर इंजिन सर्व शक्तीने ओढत असताना, म्हणजे ज्या वेळी वंगणाची गरज सर्वांत मोठी त्याच वेळी, नळकांडे कोरडे पडे. शिवाय उष्ण वाफेच्या योगाने चरबीतून आम्ल निर्माण होऊन ते लोखंडास खाई.

मॅकॉय ह्यांनी हे काम वर्षानुवर्षे आपल्या हातांनी केले. ज्यास केवळ आराखडा काढणे ठाऊक त्यास ही अडचण कागदावर दिसली नसती. ज्यास केवळ तेल घालणे ठाऊक त्यास तीवर उपाय सुचला नसता. मॅकॉय ह्यांस दोन्ही ठाऊक होते. त्यांनी विचार केला की, जी वाफ तेलास अडविते तिलाच तेल पाजण्याच्या कामास का लावू नये? इप्सिलान्टी येथे लहानशा कार्यशाळेत प्रयोग करून त्यांनी एक तेलपात्र तयार केले. हे पात्र नळकांड्यावर बसवावयाचे. त्याच्या पोटात एक दांडी, दांडीच्या एका टोकास झडप व दुसऱ्या टोकास लहानसा दट्ट्या. इंजिनात वाफ आली की तिच्या दाबाने तो लहान दट्ट्या सरके, झडप उघडे, आणि पात्रातील तेल आत उतरे. म्हणजे इंजिन काम करू लागले की तेल आपोआप सुरू होई. गाडी थांबविण्याची गरज नाही, की माणसाने जिवावर उदार होऊन फळीवर चढण्याचीही नाही. ह्या युक्तीचे पेटंट त्यांस जुलै १८७२ मध्ये मिळाले. त्याच साली त्यांची पहिली पत्नी अ‍ॅन एलिझाबेथ वारली. लग्नास अवघी चार वर्षे झाली होती. पुढल्या वर्षी त्यांनी मेरी एलिनोरा डिलेनी ह्या बाईंशी विवाह केला, व पन्नास वर्षांच्या आसपास त्यांचा संसार चालला.

सत्यास धरून येथे हेही सांगितले पाहिजे की, आपोआप तेल देणारे पात्र मॅकॉय ह्यांच्याच डोक्यातून जगात प्रथम निघाले असे नाही. इंग्लंडमध्ये जॉन रॅम्सबॉटम ह्यांनी १८६० साली वाफेचे पाणी होऊन ते तेलास वर उचलते ह्या तत्त्वावर एक तेलपात्र केले होते, आणि अमेरिकेतही दुसरे लोक ह्या खटपटीत होते. शोध हे बहुधा एकट्याचे नसतात. एकाने घातलेल्या पायरीवर दुसरा उभा राहतो. परंतु चालत्या इंजिनाच्या प्रत्यक्ष गरजा ओळखून, एकदा केलेले पात्र पुन्हा पुन्हा सुधारीत जाणे ह्या बाबतीत मॅकॉय ह्यांची चिकाटी असामान्य होती. रेल्वेखेरीज बोटींवरील व कारखान्यांतील वाफेच्या इंजिनांसही अशी तेलपात्रे बसू लागली.

तेल नेमके काय करते, ह्याचे शास्त्र त्या वेळी कोणासच नीट ठाऊक नव्हते. १८८३ साली लंडनच्या यांत्रिक शिल्पज्ञांच्या संस्थेपुढे बोशॅम टॉवर ह्यांनी आपल्या प्रयोगांची हकीकत मांडली. आगगाडीच्या आसासारखा एक फिरता आस त्यांनी तेलात ठेवून त्यावर भार दिला होता. वरच्या धारव्यास, म्हणजे आस ज्या आधारात फिरतो त्यास, तेल घालण्यासाठी एक भोक पाडले असता तेल आत जाण्याऐवजी त्यातून बाहेरच येऊ लागले. भोक बुचाने बंद केले तर ते बूचही बाहेर ढकलले गेले. दाब मोजून पाहता तो धारव्यावरील सरासरी भाराहून बराच अधिक निघाला. पुढे १८८६ साली मँचेस्टर येथील ऑस्बर्न रेनॉल्ड्स ह्यांनी गणिताने त्याचा उलगडा केला. फिरणारा आस आपल्याबरोबर तेल ओढून अरुंद फटीत दाबतो व तेथे तेलाची एक पाचर तयार होते. सारा भार त्या पाचरीवर तरंगतो आणि लोखंडास लोखंड लागतच नाही. तेलाचा तो पडदा केसाहूनही पातळ असतो. पण जोवर तो अखंड आहे तोवर झीज जवळजवळ होत नाही. तो तुटला की काही क्षणांतच धारवा तापतो, त्याची मऊ धातू वितळते व आस अडकतो. अर्थात् एकदम पुष्कळ तेल घालून मग विसरून जाण्यापेक्षा थोडे पण अखंड घालणे श्रेष्ठ. मॅकॉय ह्यांनी अनुभवाने जे जाणले होते त्यास शास्त्राचा असा आधार मिळाला.

१८८२ साली मॅकॉय डिट्रॉइट शहरी राहावयास गेले. तेथे त्यांनी अनेक कारखान्यांस सल्ला दिला व आपले शोध चालू ठेविले. सर्व मिळून ५७ च्या सुमारास पेटंटे त्यांच्या नावावर आहेत. त्यांतील बहुतेक वंगणासंबंधीच आहेत; कपड्यांस इस्त्री करण्याचे मेज व हिरवळीवर पाणी शिंपडण्याचे साधन असे काही घरगुती शोधही त्यांत आढळतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी इंजिनांत नवा बदल झाला. पाण्यापासून वेगळी केलेली वाफ पुन्हा तापवून अतितप्त करावी, म्हणजे कोळसा व पाणी दोन्ही वाचतात, असे दिसून आले. परंतु ही वाफ इतकी कोरडी व उष्ण असते की, नेहमीचे तेल तीत करपून त्याची काजळी धरते. ह्यावर ग्रॅफाइट, म्हणजे आपल्या शिसपेन्सिलीत असतो तो काळा गुळगुळीत पदार्थ, तेलात मिसळून घालावा असा उपाय पुढे आला. ग्रॅफाइटचे पापुद्रे एकमेकांवरून सहज घसरतात व उष्णतेने ते जळत नाहीत. अडचण एवढीच की, ही पूड तेलात तळाशी बसते व बारीक नळ्या बुजवून टाकते. सत्तरी गाठलेल्या मॅकॉय ह्यांनी ह्याच अडचणीवर मात करणारे तेलपात्र रचले व १९१५ साली त्याचे पेटंट घेतले. आपल्या सर्व शोधांत ते ह्यासच श्रेष्ठ मानीत. बहुतेक माणसे ज्या वयात गतगोष्टी आठवीत बसतात, त्या वयात नवी अडचण पाहून त्यांच्या मनास उत्साह वाटे.

इंग्रजीत खऱ्या, अस्सल वस्तूस रिअल मॅकॉय म्हणण्याचा प्रघात आहे. नकली तेलपात्रे बाजारात आल्यामुळे शिल्पज्ञ लोक खरे मॅकॉय मागू लागले व त्यावरून ही म्हण पडली, अशी एक गोष्ट फार लोकप्रिय आहे. पुष्कळ पुस्तकांत ती छापलेलीही आढळते. पण स्कॉटलंडमध्ये अस्सल वस्तूस रिअल मॅके म्हणण्याची चाल १८५६ पासून, म्हणजे आमचे चरित्रनायक बारा वर्षांचे होते तेव्हापासून, लेखी आढळते. म्हणून ह्या म्हणीचे श्रेय निश्चयाने त्यांस देता येत नाही. ते नसले म्हणून त्यांची थोरवी यत्किंचितही कमी होत नाही.

ह्या थोर यंत्रज्ञाचा उत्तरकाळ मात्र सुखाचा गेला नाही. कारखाना काढण्यास भांडवल नसल्यामुळे त्यांनी आपल्या पुष्कळ पेटंटांचे हक्क दुसऱ्यांस विकले किंवा देऊन टाकले. पैसा विकत घेणारांस मिळाला, आणि कित्येक तेलपात्रांवर त्यांचे नावही राहिले नाही. अखेर १९२० साली, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, त्यांच्या स्वतःच्या नावाची कंपनी डिट्रॉइट येथे निघाली. दोनच वर्षांनी, १९२२ मध्ये, पतिपत्नीस मोटारीचा भयंकर अपघात झाला. त्यातून मेरीबाई पुढे दगावल्या आणि मॅकॉय ह्यांची प्रकृतीही कधी पुरती सुधारली नाही. ह्याच मेरीबाईंनी निराधार वृद्ध कृष्णवर्णी स्त्रियांसाठी डिट्रॉइटमध्ये आश्रम उभारण्यास साह्य केले होते. त्यांच्या पतीस मात्र शेवटचे दिवस शरीराने व मनाने खचलेल्या स्थितीत इलॉइझ येथील सार्वजनिक रुग्णाश्रमात काढावे लागले. तेथेच १० ऑक्टोबर १९२९ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्यांचा अंत झाला. पुढे देशास त्यांची आठवण झाली. २००१ साली अमेरिकेतील संशोधकांच्या राष्ट्रीय सन्मानमंदिरात त्यांचे नाव घालण्यात आले, आणि २०१२ साली डिट्रॉइट येथे सरकारी पेटंट कचेरीची शाखा उघडली तिला त्यांचेच नाव देण्यात आले.

मॅकॉय ह्यांच्या काळची वाफेची इंजिने बहुतेक ठिकाणांहून नाहीशी झाली आहेत. पण घर्षण नाहीसे झालेले नाही. १९६६ साली ब्रिटनमध्ये पीटर जॉस्ट ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने असा हिशेब मांडला की, वंगण व झीज ह्यांकडे नीट लक्ष दिल्यास त्या एका देशाचे दरसाल सुमारे ५१ कोटी ५० लक्ष पौंड वाचतील. ह्या विद्येस ट्रायबॉलॉजी असे नाव तेव्हापासून रूढ झाले. एवढा पैसा कोठे जातो? आमच्या पाहण्यातील एका उद्योगशाळेची हकीकत सांगतो, म्हणजे ध्यानी येईल.

त्या शाळेत एक चांगले लोखंडी कातयंत्र होते. त्यास तेल घालण्याचे काम दोन मुलांकडे दिले होते. दिवाळीच्या सुटीनंतर यंत्र सुरू केले. पहिला समजला दुसऱ्याने तेल घातले असेल; दुसरा समजला पहिल्याने. तासाभराने धारव्यातून धूर निघाला. कोणी आळशी नव्हता, कोणी खोटे बोलला नाही. पण धारवा जळाला तो जळालाच, आणि तो बदलून मिळेपर्यंत सर्व वर्ग कित्येक आठवडे हात बांधून बसला. तेव्हा तेथील शिक्षकांनी यंत्राशेजारी एक तक्ता टांगला. कोणत्या जागी, कोणते तेल, किती व केव्हा घालावयाचे हे त्यावर लिहिले, आणि घालणाऱ्याने तारीख टाकून सही करावी असा नियम केला. त्यानंतर तसा प्रसंग पुन्हा घडल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

ह्यातून जे नियम निघतात ते प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात धरावे. पहिला असा की, यंत्रास योग्य तेच तेल द्यावे. शिवणयंत्राच्या हलक्या गतीस पातळ तेल हवे, जड भार वाहणाऱ्या संथ आसास दाट हवे. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत जे सांगितले असेल ते पाळावे, आणि दोन जातींचे वंगण एकत्र कालवू नये, कारण कित्येकदा त्यांचे परस्परांशी जमत नाही व मिश्रण पातळ होऊन गळून जाते. दुसरा, प्रमाण राखावे. थोडे तेल वाईट हे सर्वांस कळते. पण जलद फिरणाऱ्या धारव्यात वंगण ठासून भरले तर तेही घुसळले जाऊन तापते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. तिसरा, वेळ पाळावी. यंत्र ओरडू लागल्यावर तेल घालणे म्हणजे घर जळू लागल्यावर विहीर खणणे होय. चौथा, स्वच्छता राखावी. कुपीचे तोंड, तेलाचे भोक व आपले हात आधी पुसावे; धुळीचा एक कण तेलात गेला की ते तेल राहत नाही, कानस होते. तेलाची पिंपे उघड्यावर उभी ठेवू नयेत. उन्हाने तापून व रात्री निवून ती जणू श्वास घेतात व झाकणावर साचलेले पावसाचे पाणी आत ओढतात. तेल दुधासारखे पांढुरके दिसले तर त्यात पाणी शिरले असे समजावे. पाचवा, घातल्यावर पाहावे. धारव्याची उष्णता, आवाज व तेलाचा रंग ही यंत्राची नाडी होय. मात्र चालत्या भागाजवळ हात नेण्याचा अविचार कोणी करू नये. यंत्र बंद करूनच तेल घालावे. मॅकॉय ह्यांचा सारा खटाटोप माणसाचा जीव अशा जागी धोक्यात पडू नये ह्यासाठीही होता.

शेवटी एक गोष्ट सांगून आम्ही आपला निरोप घेतो. हे चरित्र सांगताना आम्ही शिक्षक मंडळी पुष्कळदा असा बोध काढतो की, हलके काम वाट्यास आले तरी तक्रार न करता ते करावे, म्हणजे मोठेपणा येतो. विचार करता हा बोध आम्हांस अपुरा वाटतो. मॅकॉय ह्यांस तेलवाल्याची जागा मिळाली हे त्यांचे भाग्य नव्हते, तो अन्याय होता. आणि ज्यांनी तो केला त्यांचे समर्थन मॅकॉय ह्यांच्या यशाने होत नाही. त्यांच्यासारखे आणखी कितीजण त्या फावड्याखालीच राहिले असतील, ह्याची गणती कोणी ठेविलेली नाही. ज्यांच्या हाती जागा देणे आहे त्यांनी माणसाची योग्यता पाहावी, वर्ण किंवा जात पाहू नये, हा ह्या चरित्राचा पहिला बोध. आणि तुमच्यापैकी कित्येकांच्या हाती पुढे तो अधिकार येणार आहे.

दुसरा बोध काम करणारासाठी आहे. तेल घालणे हे काम हलके नव्हते. ते हलके मानले गेले होते. ज्या जागी त्यांस अन्यायाने उभे केले, त्या जागी काय चालले आहे हे मॅकॉय ह्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिले, आणि जे काम इतरांनी लाथाडले त्यात शास्त्र आहे हे दाखवून दिले. आमच्या कार्यशाळेतील तेलाची कुपी ज्याच्या हाती येईल त्याने तिला तुच्छ लेखू नये. तिचे झाकण घट्ट लावावे, तोटी पुसावी, आणि तक्त्यावर आपली सही करावी.